चार पानांचा शब्द

"इथं सही करा आणि मोकळ्या व्हा," कारकून म्हणाला. "चोवीस जणांच्या झाल्या. तुमचीच राहिलीय."

पुष्पावतीने कागद हातात घेतला आणि वाचायला लागली. कारकुनाला हे रुचलं नाही. सकाळपासून त्या टेबलापाशी चोवीस पोरं-पोरी येऊन गेली होती, पण कागद वाचायचं कुणाला सुचलं नव्हतं. तो बोट ठेवील तिथे सही करायची आणि बाहेर पडायचं. ही बेचाळीस वर्षांची बाई मात्र उन्हातून येऊन, पाणीसुद्धा न पिता, एकेका ओळीखाली बोट धरून वाचत उभी राहिली.

कागदावर लिहिलं होतं, की बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात मी स्वतः सोबत आणलेल्या चिठ्ठ्यांवरून उत्तरे लिहिली. मला माझी चूक मान्य आहे. माझी ही परीक्षा रद्द करावी. खाली नाव होतं, पुष्पावती बिभीषण बडे.

"हे खोटं हाय," ती म्हणाली.

"सगळ्यांच्या कागदावर हेच आहे."

"मंग सगळ्यांचंच खोटं हाय."

कारकुनाने आतल्या खोलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, सही केलीत तर ही एकच परीक्षा जाईल. जुलैत परत बसा. नाही केलीत, आत समितीपुढे गेलात आणि दोषी ठरलात, तर पाच परीक्षांना बंदी. नीट विचार करा."

विचार करून करून तिचं डोकं शिणलं होतं. जुलै तिला चालणार नव्हता. शेवगाव तालुक्यातल्या तिच्या गावच्या अंगणवाडीत ती चौदा वर्षं मदतनीस होती. सेविका छबूबाई मेअखेर निवृत्त होणार होत्या. मदतनीस बारावी पास असली, तर सेविकेची जागा आधी तिला. पण गुणपत्रिका तीस जूनच्या आत तालुक्याच्या कचेरीत पोचायला हवी होती. तशी ती जागा गेली पाच वर्षं तीच चालवत होती. छबूबाईंचे गुडघे गेल्यापासून गाणी, गोष्टी, वजनं, रजिस्टर सगळं पुष्पावतीकडे आलं होतं, वर खिचडी होतीच. फक्त खुर्ची छबूबाईंची होती.

"मला आत जायचंय," ती म्हणाली आणि सही न करताच कागद टेबलावर ठेवून बाकावर जाऊन बसली.

घडलं होतं ते असं. मार्चमध्ये परीक्षा झाली. केंद्र होतं तालुक्यातल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात. पंचवीस जणांची खोली, त्यात चोवीस पोरं आणि बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बसलेली ही एक मावशी. इंग्रजीचा पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील, तोच पर्यवेक्षक कल्याण सरांनी दार लोटलं, खिशातून गाईडची फाडलेली पानं काढली आणि खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली. कल्याण सर तसा भला माणूस. संस्थेत नवा, तुटपुंज्या मानधनावरचा. निकाल नव्वदच्या वर आला नाही तर पुढच्या वर्षी येऊ नका, असं त्याला वरून सांगितलेलं. सगळ्या माना खाली गेल्या आणि पेनं पळायला लागली.

पुष्पावतीने हात वर केला.

"सर, जरा गप बसता का? मला लिहायचं हाय."

"लिहा की मावशी. त्यासाठीच तर सांगतोय."

"तुमचं न्हाई. माझं लिहायचंय."

पोरं फिदीफिदी हसली. सर खिडकीपाशी जाऊन, तिच्याकडे पाठ करून सांगू लागले. शेवटचा प्रश्न भाषणाचा होता. वाचनाचे महत्त्व या विषयावर भाषण लिहा. सरांनी गाईडातलं भाषण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सांगितलं आणि चोवीस जणांनी ते इमानेइतबारे उतरवलं. गाईडातल्या भाषणाची सुरुवात 'माझे नाव सुनील, मी विद्यार्थी मंडळाचा सचिव' अशी होती. चोवीसही जण सुनील झाले. त्यांत अकरा मुली होत्या.

पेपर तपासणाऱ्याला एका खोलीत दोन डझन सुनील भेटल्यावर तो काय करणार? सगळे पेपर बाजूला निघाले. पण त्या गठ्ठ्यात एक पेपर असा निघाला की त्यात सुनील नव्हता. त्यातली बाई म्हणत होती, मी पुष्पावती, आणि मी फार वाचलेलं नाही, एकच शब्द वाचला आहे. पुढे अडीच पानं त्या एका शब्दावर होती. टेक. इंग्रजीतलं साधं, पोरासोरांना येणारं क्रियापद. ते कुठून आलं, कुठे कुठे वापरतात, त्याचे अर्थ किती. भाषेत चुका होत्या, पण सांगणं असं होतं की तपासनीसाने ते दोनदा वाचलं म्हणे. आणि मग, आपल्याकडे जसं होतं तसंच झालं. चोवीस चोरांपेक्षा त्या पंचविसाव्या पेपरावरच जास्त संशय आला. नगरला चौकशी समिती बसली आणि सगळ्यांना बोलावणी गेली. चूक कबूल असेल तर सही करा, नसेल तर समितीपुढे या, असं त्यात लिहिलं होतं.

आता त्या शब्दाचं सांगायला हवं. पुष्पावती अठराव्या वर्षी बारावीला बसली होती आणि सात मार्कांनी इंग्रजीत गेली होती. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. मग आठ हंगाम नवऱ्याबरोबर देवळाली प्रवरेच्या बाजूला ऊसतोडीला. हातात कोयता आला आणि पुस्तक सुटलं. पुढे पोरगी शाळेत जाण्याजोगी झाली तेव्हा पुष्पावतीने उसाच्या फडावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, राहायला ठाम नकार दिला आणि गावात अंगणवाडीवर लागली.

चार वर्षांपूर्वी शेवगावच्या बाजारात एका भेळवाल्याने तिला भेळ बांधून दिली, तो कागद म्हणजे इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं पान होतं. तिने भेळ खाल्ली, पान वाचलं आणि परत गेली. शब्दकोश जाडजूड होता, पण भेळवाला फाडत फाडत 'आर' अक्षरापर्यंत पोचला होता. तिने उरलेला भाग मागितला. तो म्हणाला, मग मी भेळ कशात बांधू? पुढच्या बाजारी ती अंगणवाडीतल्या जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आली आणि वजनाला वजन देऊन एसपासून झेडपर्यंतचं इंग्रजी घरी घेऊन गेली.

दुपारी दोनला पोरं घरी गेली, भांडी घासून झाली, की ती गोणपाटावर बसून ते चाळायची. पानंच्या पानं शब्द. एक पाठ करावा तर दुसरा निसटायचा. मग तिला टेक सापडला. बाकी शब्दांना दोन ओळी, चार ओळी, आणि या पठ्ठ्याला सलग चार पानं. चार गावांत जमीन असलेला माणूस ओळखीचा असला की कुठेही मुक्काम होतो, तसा हा शब्द आहे, हे तिने ताडलं. बाकीचे सोडले आणि यालाच धरलं. वहीत दोन रकाने पाडले. जिथे ते 'टेक' म्हणतात आणि आपण 'घेणे' म्हणतो, ते डावीकडे. औषध, रजा, काळजी, शपथ. जिथे आपलं वेगळं, ते उजवीकडे. आपण फोटो काढतो, ते घेतात. आपण अंघोळ करतो, ते तीही घेतात. आपण परीक्षा देतो, त्यांच्याकडे परीक्षाही घ्यायचीच. यावर ती एकटीच हसली होती. देणाऱ्याने परीक्षा घेतली असं म्हणायचं धाडस इंग्रजच करू जाणे. मूळ कुठलं ते चौथ्या पानाच्या शेवटी बारीक अक्षरात होतं. ते नीट कळेना, तेव्हा पोरीच्या मोबाईलवर शोधून काढलं.

बाकी व्याकरण, पत्रं, उतारे तिने रीतसर गाईडवरूनच केले. पास होण्यापुरते. पण हा शब्द तिचा होता.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी बिभीषणने विषय काढला होता. तो कारखान्याचा ट्रॅक्टर चालवून हंगाम संपवून नुकताच आला होता आणि दारात पाय धूत बसला होता.

"कर की सही. जुलैला परत दे. एवढं काय त्यात?"

"मी चोरी केली आसं लिवून देऊ व्हय?"

"लिवून दिल्यानं मानूस चोर व्हतो का?"

"व्हतो. आपून मरतो आन् कागद मागं ऱ्हातो."

"आगं, पर त्यांनी बंदी घातली म्हंजी? कचेरीतल्यांना कळलं, तर हाय ती मदतनिशीबी जाईल. मोठ्या लोकांच्या तोंडाला लागून आपलं कदी बरं झालंय का?"

बिभीषण भित्रा नव्हता, पण मुकादमापुढे, वजनकाट्यावरच्या बाबूपुढे, गेटवरच्या वॉचमनपुढे आयुष्यभर मान खाली घालून त्याच्या मानेला तशीच सवय झाली होती. पुष्पावतीला त्याचा राग आला आणि कीवही आली. तिने त्याला टॉवेल दिला.

"आवो, मी चार वर्सं त्या शब्दाच्या मागं हाय," ती म्हणाली. "त्यो मला येतो. मला येतंय ते येत न्हाई म्हनायला मी जानार न्हाई."

त्याने पाय पुसून टॉवेल दोरीवर टाकला. सकाळी मात्र तिच्या आधी उठून तिला एसटीपर्यंत सोडायला आला.

दुपारी दीडला तिला आत बोलावलं. टेबलामागे तिघं होते. मधे अध्यक्ष म्हणून एक मॅडम, त्यांच्या उजव्या हाताला जाड भिंगांचे एक प्राचार्य, आणि डाव्या हाताला एक गृहस्थ, जे शेवटपर्यंत फक्त लिहीत राहिले. तिला कुणी बसायला सांगितलं नाही. खुर्ची होती म्हणून ती आपणच बसली.

मॅडमनी तिची उत्तरपत्रिका पुढे सरकवली. "हे अक्षर तुमचंच?"

"व्हय."

"वर्गात कुणी उत्तरं सांगत होतं?"

"सांगत हुतं. पेपर सुरू झाल्यावर पार शेवटपर्यंत."

"बाकीचे म्हणतात, त्यांनी चिठ्ठ्या आणल्या होत्या."

"ल्हान पोरं हाईत. सांगाल तिथं सह्या करत्यात."

प्राचार्य पुढे वाकले. "बाई, आम्ही वीस-वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. अंगणवाडीतली मदतनीस शब्दाचं मूळ नि कूळ लिहिते, हे आम्ही खरं मानायचं? तुमच्यासाठी कुणीतरी वेगळं लिहून आणलं, आणि जास्त चांगलं आणलं, एवढाच फरक."

"मानू नका," पुष्पावती म्हणाली. "विचारा."

"ठीक. रिलक्टंट म्हणजे काय?"

"म्हाईत न्हाई."

"ऑपॉर्च्युनिटी?"

"न्हाई म्हाईत. माझ्याकडं एसपासून पुढचंच हाय. आधीचं भेळवाल्यानं खपवलं."

लिहिणाऱ्या गृहस्थांचं पेन थांबलं. प्राचार्य मॅडमकडे बघून हसले, आता काय ते समजा अशा अर्थाने.  पुष्पावतीने पदर खांद्यावर घट्ट ओढला.

"सर, मला सगळं इंग्रजी येतं आसं मी कुटं म्हनले? मी पेपरात काय लिवलंय? एकच शब्द वाचला. त्यो विचारा. ज्या पानावर तुमाला संशय हाय, त्या पानाचं विचारा. दुसऱ्याच्या रानात मला कशाला नेताय?"

मॅडमनी हात वर करून प्राचार्यांना थांबवलं. "मी विचारते. टेक इंग्रजीत कुठून आला?"

"त्यो इंग्रजांचा न्हाईच, मॅडम."

आणि ती सुरू झाली. सुरुवातीला अडखळत, मग वर्गात पोरांना गोष्ट सांगते त्या चालीवर. इंग्रजांचा घेण्याचा जुना शब्द दुसराच होता, निमन. मग हजार-अकराशे वर्षांपूर्वी उत्तरेकडून जहाजातून लोक आले. लुटारू. त्यांनी धान्य नेलं, गुरं नेली, मग तिथेच जमिनी धरून राहिले. ते येताना त्यांचा शब्द घेऊन आले, टाका. म्हणजे हात घालणं, धरणं. हळूहळू इंग्रज लोकही तोच बोलायला लागले आणि त्यांचा आपला शब्द मेला.

"ज्यांनी आपल्याकडचं सगळं घेतलं, त्यांचा 'घेनं' ह्यो शब्दसुदिक दुसऱ्याकडनं घेतलेला हाय," ती म्हणाली. "वाचलं तवा मला लई बरं वाटलं. म्हनलं, हे लोकबी कवातरी लुटले गेल्तेच की."

मॅडमच्या तोंडावर हसू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आन् त्यो जुना शब्द पुरता मेला न्हाई. त्याचं एक पिल्लू ऱ्हायलं. नंब. म्हंजी बधिर. आदी त्याचा अर्थ व्हता, घेतला गेलेला. ज्याचं घेतलं, त्यो बधिर." ती थांबली. तिचा आवाज आता सगळ्या खोलीत भरला होता. "तुमी मला सांगताय, चोर म्हनून सही कर. माझं बारावीचं एकदा गेलं, लग्नात गेलं, आठ वर्सं उसात गेली. कुनी घेतली म्हनून मी भांडले न्हाई. पर मी बधिर झालेली न्हाई, मॅडम. हे मी लिवलंय, ते माझं हाय. ते मी सोडनार न्हाई."

 मग मॅडमनी विचारलं, "तुमच्या कामाबद्दल सांगा. इंग्रजीत. तोच शब्द वापरून."

पुष्पावतीने डोळे मिटले. वाक्य जुळवायला वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही.

"आय टेक द चिल्ड्रन होम," ती म्हणाली. "सम मदर्स आर इन द शुगरकेन. दे टेक सिक्स मंथ्स टु कम बॅक. सो आय टेक केअर."

मॅडमनी तिच्या नावाचा तो छापील कागद कारकुनाकडून मागवून घेतला, त्यावर आडवी रेघ मारली आणि रेघेखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, की या उमेदवाराकडून गैरप्रकार झालेला नाही. प्राचार्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून ते वाचलं आणि, हे मानलं पाहिजे, दुसरी सही त्यांनीच केली.

व्हरांड्यात कल्याण सर उभा होता. त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती.

"ताई, माझं नाव सांगितलं का?"

"नाव कुनी विचारलं न्हाई. वर्गात सांगत हुते का म्हनून विचारलं, त्याला मी व्हय म्हनले."

"मला वरून सांगितलं होतं हो. माझी काय हिंमत?"

"मंग हेच आत जाऊन सांगा. कुनी सांगितलं, त्याचं नाव घेऊन. अजून बसलेत ते."

तो दाराकडे बघत राहिला. आत गेला की नाही ते तिला कळलं नाही, कारण तिला साडेतीनची एसटी गाठायची होती.

इथे गोष्ट संपली असती तर वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं. पण खोलीतल्या एकाचा निकाल सुटा काढता येत नाही, असा कुठलासा नियम निघाला. समितीचा अहवाल पुण्याला गेला, तिथे पडला, परत एक पत्र आलं, त्याला उत्तर गेलं. मे गेला, जून गेला. पुष्पावतीने तालुक्याच्या कचेरीत तीन अर्ज दिले. मॅडमच्या शेऱ्याची प्रत जोडली. शेरा म्हणजे गुणपत्रिका नव्हे, असं उत्तर मिळालं, आणि ते नियमाने बरोबरही होतं. एक जुलैला सेविकेच्या जागी गावातल्याच आरतीची नेमणूक झाली. अकरा जुलैला पुष्पावतीचा निकाल लागला. ती पास होती. इंग्रजीत अठ्ठावन्न.

त्या रात्री ती जेवली नाही. बिभीषण समजूत घालायला आला, तर त्याच्यावर खेकसली. तिचा राग अठ्ठावन्नने विझण्यासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र लग्नातली साडी नेसून ती कचेरीत गेली आणि गुणपत्रिकेची प्रत खिडकीतून आत सरकवली.

"मावशी, जागा भरली," आतला बाबू म्हणाला. "आता याचा काय उपयोग?"

"आवक रजिस्टरात नोंद करा."

"अहो, पण कशासाठी?"

"पुढची जागा कुटंतरी निघंलच. या गावात, न्हाईतर शेजारच्या. तवा माझा कागद आत असला पायजे. उपयोग हाय का न्हाई, ते मी बघन. तुमी शिक्का मारा आन् मला पोच द्या."

मागे रांग लागली होती. बाबूने तिच्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि शिक्का मारला. तारीख उठली नव्हती. तिने कागद परत आत सरकवला. त्याने दुसऱ्यांदा मारला.

कागदपत्रं पुरी होऊन सोमवारी आरतीचा पहिला दिवस उजाडला. पंचविशीतली पोरगी, नवी कोरी पर्स, चेहरा धास्तावलेला. ती दहाला आली तेव्हा अंगणवाडी झाडून झाली होती, पाणी भरून झालं होतं, आणि बारा पोरं भिंतीला टेकून ओळीत बसली होती. खुर्ची पुसून ठेवली होती. आरती खुर्चीपाशी गेली, पण बसेना.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही रागावलात का हो?"

"व्हय," पुष्पावती म्हणाली. "लई रागावले. पर तुझ्यावर न्हाई."

"मग कुणावर?"

"लांबलचक यादी हाय, बाई. एका दिसात व्हायची न्हाई. तू आदी पोरांची हजेरी घे."

आरतीने रजिस्टर उघडलं आणि दबक्या आवाजात पहिलं नाव घेतलं. पोराने उत्तर देण्याआधी पुष्पावतीकडे पाहिलं. तिने त्याला मानेनेच, समोर बघ, म्हणून खुणावलं आणि ती तांदूळ निवडायला बसली.